पेवात सोडलेला कंदील

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीची मैलाटाकी तुंबली आहे. टँकरवाल्याने येऊन वरचं पातळ ओढून नेलं, पण तळाला बसलेला गाळ त्याच्या पाइपला दाद देईना. "माणूस उतरवल्याशिवाय निघायचा नाही," असं सांगून ठेकेदाराने कोटेशन हातात दिलं. त्यासाठी मागच्या रविवारी पार्किंगमध्ये सभासदांची बैठक झाली. मी एवढंच विचारलं, की आतली हवा कोण तपासणार? त्यावर सल्ल्यांचं पेवच फुटलं. अण्णा म्हणाले, "तोच माणूस तीनदा उतरलाय, काय झालं त्याला?" एका काकूंचं म्हणणं, झाकण रात्रभर उघडं ठेवा, वाईट हवा आपोआप निघून जाते. कुणी म्हणालं, कंदील सोडून बघा, पूर्वी तसंच करायचे. आणि शेजारची, कायद्याचं शिक्षण घेणारी मुलगी उठून म्हणाली, "काका, मुळात माणूस उतरवणंच गुन्हा आहे. तुम्ही हवेचं काय घेऊन बसलाय?" तासभर अनुभव आणि कायदा यांची जुंपली. टाकीत या घडीला काय साठलंय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यायला हवं असंही फारसं कुणाला वाटलं नाही.

विहिरीत, टाकीत, चेंबरमध्ये माणसं गेल्याची बातमी आली की दर वेळी असाच वाद होतो. एक बाजू मेलेल्यांच्या निष्काळजीपणावर बोलते, दुसरी भरपाईवर. उतरण्याआधी हवा कुणी मोजली होती का, हा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. माझं म्हणणं सरळ आहे. जागा बंदिस्त असेल, मग ती मैलाटाकी असो, विहीर असो, मळीची टाकी असो की गोबरगॅसचा खड्डा, माणसाचं डोकं आत जाण्याआधी तिथली हवा यंत्राने मोजलीच पाहिजे. आलेला आकडा कागदावर लिहिला पाहिजे. आकडा वाईट असेल तर काम थांबवण्याचा अधिकार मोजणाऱ्याला हवा. आणि या सगळ्याचा खर्च काम देणाऱ्याने करायचा, उतरणाऱ्याने नव्हे.

ही काही परदेशातून आणलेली चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सांगलीपासून हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरला जावं. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठच्या मातीत तिथे हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, होती. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आत मात्र पोट सुटत गेलेलं, आणि खोली दोन-तीन पुरुष. हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. का लागत नसे? आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपून जाई आणि किडा जगतच नसे. जिथे किडा जगत नाही तिथे माणूस कसा जगेल, हे हळदीच्या व्यापारातल्या प्रत्येकाला कळत होतं. माझे आजोबा एका अडत दुकानात दिवाणजी होते. ते सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी आत जात नसे. तोंड मोकळं करून काही तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. ज्योत विझली की कंदील वर ओढायचा आणि पुन्हा थांबायचं. घाईत असलेला अडत्यासुद्धा ज्योतीपुढे बोलत नसे. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली आणि तो व्यवहारच आटला. आपल्या भाषेत पेव शिल्लक राहिलं ते फक्त फुटण्यापुरतं. आत उतरण्याआधी हवा तपासायची ही शिस्त मात्र आपल्याच मातीत होती, हे आपण विसरून गेलो.

मग कंदीलच का सोडू नये? बैठकीतल्या त्या सूचनेची मला थट्टा करायची नाही. त्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे. पण ते शहाणपण पेवाचं आहे. हळदीच्या पेवात धोका एकाच जातीचा: प्राणवायू कमी, कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) जास्त. मोकळ्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो. तो 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. माणूस त्याही खाली थोडा वेळ तग धरतो, म्हणजे ज्योत माणसाच्या आधी इशारा देत होती. मैलाटाकीत प्रकरण वेगळं आहे. तिथे मैला कुजून मिथेन तयार होतो, आणि हवेत तो 5 टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. कंदील तिथे परीक्षा घेणार नाही, स्फोट करील. मिथेनच्या जोडीला तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. हा हवेत दर हजारात एक भागही नसताना माणसाला दोन-चार श्वासांत आडवा करू शकतो. एवढ्याशा प्रमाणाने ज्योतीला काही फरक पडत नाही. कंदील शांतपणे जळत राहील आणि त्याच्याकडे बघून उतरलेला माणूस वर येणार नाही.

आता अनुभवाची गोष्ट. अण्णांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी आधी मान्य करतो. पंचवीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला टाकीबद्दल जे कळतं ते मला वायू मोजणारा मीटर हातात घेऊनही कळणार नाही. कुठला कप्पा आधी उघडायचा, गाळ कुठे जास्त बसतो, झाकणाखालून हवा कशी येते, हे सगळं तो जाणतो. बैठकीनंतर मी मुद्दाम त्या माणसाला गाठलं. मिरजेचा आहे, पन्नाशीचा. म्हटलं, "मामा, आत गेल्यावर कसं वाटतं?" ते म्हणाले, "सुरवातीला वास लई मारतो. मग नाक सरावतं, काय वाटत नाही." मी गप्पच झालो. कारण हायड्रोजन सल्फाइड नेमकं हेच करतो. दहा लाखांत शंभर भागांच्या घरात तो पोचला की काही मिनिटांत वास घेणारी नसच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तो वाढलेला असू शकतो. ज्याला मामा नाक सरावणं म्हणतात, ते विष भिनायला लागल्याचं लक्षण असू शकतं, आणि पंचवीस वर्षं त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. प्राणवायूच्या बाबतीत तर शरीर त्याहून मोठा दगा देतं. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते अंगात कर्बवायू साठल्यामुळे. नुसता प्राणवायू कमी झाला तर जीव घाबरा होतोच असं नाही. माणूस आधी गोंधळतो, मग पाय लटपटतात, मग पडतो. इंजिनाच्या धुरात असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही आणि रंगही नाही. ज्या धोक्याची जाणीवच इंद्रियांना होत नाही, त्याचा अनुभव साठणार कसा? तीनदा उतरून सुखरूप आलेल्या माणसाकडे तीन वेळचा अनुभव असतो. चौथ्या वेळी टाकीत काय असेल हे तो अनुभव सांगू शकत नाही, कारण टाकी तीच असली तरी हवा ती नसते.

रात्रभर झाकण उघडं ठेवण्याचंही तसंच. ते करावंच, त्याने काही ना काही फरक पडतो. पण हायड्रोजन सल्फाइड आणि कर्बवायू हवेपेक्षा जड आहेत. वारा लागला म्हणून ते आपणहून तोंडाशी येत नाहीत, तळाला बसून राहतात. शिवाय बराच वायू गाळातच अडकलेला असतो. फावडं घातलं की तो बुडबुड्यांनी वर येतो, म्हणजे उतरणाऱ्याच्या तोंडावरच. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायला माणसं उतरतात. तिथे आणखी एक घात आहे. उपसा करायला डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवतात, किंवा सुरुंग उडवल्यावर धूर पुरता निवण्याआधी यारीला लटकून खाली जातात. कुंद, पावसाळी दिवशी हवेचा दाब उतरतो तेव्हा आजूबाजूच्या जमिनीतली प्राणवायू नसलेली हवा विहिरीत ओढली जाते. काल धड असलेली विहीर आज जीव घेऊ शकते ती यामुळे. गावात याला भूतबाधा म्हणत आलेत.

शेजारच्या मुलीचा मुद्दा या सगळ्यात वजनदार होता आणि त्याला उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 2013 च्या कायद्याने गटार आणि मैलाटाकीत विनासाधन माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूंसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. सफाई कामगारांच्या चळवळीतले लोक म्हणतात, की मीटर, मास्क, दोर यांच्या गप्पा मारून तुम्ही उतरवण्यालाच प्रतिष्ठा देता. यंत्र आणा आणि माणसाला बाहेरच ठेवा. मैलाटाकीपुरतं मला हे पूर्ण पटतं. हे काम ठरावीक जातींच्याच माणसांच्या वाट्याला का आलं आणि त्यांच्या फुप्फुसात जाणाऱ्या हवेची चौकशी करावी असं कुणाला का वाटलं नाही, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. आमच्या टाकीत माणूस उतरूच नये, जास्त दाबाचं पाणी मारून गाळ सैल करणारी गाडी आणावी, असंच मत मी बैठकीत दिलं आणि त्यावर ठाम आहे.

पण म्हणून मोजणी बिनकामाची ठरते का? यंत्राचा पाइप अडकतो आणि कुणीतरी "एकच मिनिट" म्हणून खाली वाकतो, तेव्हा त्याला थांबवणार कोण? कायद्याचं पुस्तक तेव्हा घरी असतं. मीटरचा पेटलेला लाल दिवा आणि कर्कश भोंगा मात्र जागेवर असतो. आणि मैलाटाकीपलीकडे किती जागा आहेत बघा. आपल्या भागात साखर कारखान्यांचं जाळं आहे. हंगाम संपला की मळीच्या टाक्या, आसवनीतली आंबवणीची पिंपं, सांडपाण्याचे हौद, डायजेस्टर आतून साफ करावे लागतात. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, पाणीयोजनेच्या व्हॉल्व्ह चेंबरमध्ये माणूस जातोच. विहिरीतला दगड कुठल्याही टँकरने ओढून काढता येत नाही. या जागांसाठी बंदीचा मंत्र म्हणून बसलो, तर माणसं पूर्वीसारखीच उतरत राहतील, फक्त कागदावर नसतील.

कारखान्यांसाठी तर ही गोष्ट केव्हाच लिहून ठेवलेली आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 36 व्या कलमाने टाकी, खड्डा, नळ, धुराडं अशा बंदिस्त जागेत शिरण्यापूर्वी जाणकार माणसाने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला द्यावा, असं सांगितलं. तसा दाखला नसेल तर शिरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं, पट्ट्याला दोर बांधावा आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाने हातात धरावं. हे कुठवर लागू? कारखान्याच्या कुंपणापर्यंत. कुंपणाच्या आत इंजिनिअर बॉयलरमध्ये वाकतो तेव्हा परमिटवर सही लागते. कुंपणाबाहेर त्याच गावातला मजूर विहिरीत उतरतो तेव्हा मुकादमाची हाक पुरते. हवेला कुंपण कळत नाही. मग जिवाची किंमत कुंपणापाशी का बदलावी?

ही मोजणी मी एकदा जवळून पाहिली आहे. वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात असलेला माझा वर्गमित्र मला उन्हाळ्यात सांडपाण्याच्या रिकाम्या हौदापाशी घेऊन गेला. हातात मोबाइलपेक्षा थोडा जाड, पिवळा मीटर. आधी त्याने मोकळ्या हवेत तो चालू केला, मग छोट्या सिलिंडरमधला ठरावीक वायू त्याला हुंगवला आणि भोंगा वाजतो याची खात्री करून घेतली. "हे रोज सकाळी," तो म्हणाला. "सेन्सर मेलेला असला तरी पडद्यावर शून्यच दिसतं. शून्यावर कधी भरवसा ठेवायचा नाही." मग मीटर दोरीला बांधून हौदात सोडला. तोंडाशी सगळं ठीक. पाच-सहा फुटांवर मिनिटभर थांबून वर घेतला, तर पडद्यावर हायड्रोजन सल्फाइडचा सर्वांत मोठा आकडा 7, म्हणजे दहा लाखांत सात भाग. पुन्हा सोडला. तळाच्या हातभर वर पोचला तेव्हा वरूनच भोंगा ऐकू आला. वर आणून पाहिलं तर 64, आणि प्राणवायू 19 च्याही खाली. 10 ला भोंगा आणि 19.5 च्या खाली प्रवेश बंद, ही त्यांची मर्यादा. हौद रिकामा दिसत होता. तळाशी नुसता ओलावा आणि कोपऱ्यात वीतभर गाळ. मी तिथे एकटा असतो आणि माझी चप्पल आत पडली असती, तर मी बेधडक उतरलो असतो. त्याने आत हवा ढकलणारा ब्लोअर लावायला सांगितला, वहीत वेळ आणि तिन्ही खोलींवरचे आकडे लिहिले आणि आम्ही चहाला गेलो. दोन तासांनी पुन्हा मोजलं, तेव्हा कुठे माणूस आत गेला. मीटर त्याच्या छातीला चालूच होता, कमरेला दोर, वर दोघे.

मीटरमुळे बेफिकिरी वाढते, असाही एक आक्षेप आहे, आणि इतिहास काही प्रमाणात त्याच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत 1812 साली स्फोटात 92 जण गेले. त्यानंतर हम्फ्री डेव्हीने 1815 मध्ये जाळीचा सुरक्षा-दिवा तयार केला. खाणीतले स्फोट त्याने थांबायला हवे होते. थांबले नाहीत. दिवा हाती आल्यावर मालकांनी वायूमुळे सोडून दिलेले थर पुन्हा खोदायला घेतले. साधन जीव वाचवण्यासाठी होतं, ते जास्त धोक्यात शिरण्याचा परवाना म्हणून वापरलं गेलं. उद्या एखादा ठेकेदार बंद पडलेला मीटर मजुराच्या गळ्यात अडकवून "आता घाबरायचं काम नाही" म्हणणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. पण यातून काय सिद्ध होतं? मीटरला माणूस लागतो, एवढंच. तो शिकलेला असावा, त्याचा पगार काम लवकर उरकण्यावर अवलंबून नसावा आणि 'नाही' म्हटल्याबद्दल त्याला घरी बसवता येऊ नये. हॅल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी नेऊ लागले. पक्षी कोसळला की सगळ्यांनी बाहेर पडायचं. 1986 मध्ये तेही बंद करून कामगारांच्या हातात यंत्र आलं. आपल्याकडे अजून पहिला उतरणारा माणूसच तो पक्षी आहे.

आणि तो पडला की दुसरा उडी घेतो. या विषयात मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. मांजराला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असं करत पाच जण गेले. सहावा वाचला. त्याच्या कमरेला दोर होता. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला असेच चौघे गेले. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने 1986 मध्येच नोंदवलं होतं, की बंदिस्त जागेतल्या मृतांत निम्म्याहून अधिक, 60 टक्क्यांवर, वाचवायला गेलेले असतात. या माणसांना अविचारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. डोळ्यांसमोर भाऊ पडलेला असताना कोण थांबेल? मी थांबेन का? म्हणूनच थांबण्याचा निर्णय त्या क्षणावर सोडायचा नसतो. तो आधी, मोजणीच्या वेळी, शांतपणे घ्यायचा असतो. पहिला माणूस पडलाच नाही तर दुसऱ्याच्या मायेची परीक्षा होत नाही. आणि पहिला दोराला बांधलेला असेल तर त्याला वर ओढता येतं, आत जावं लागत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. चार वायू मोजणाऱ्या चांगल्या मीटरची किंमत पाच आकडी आहे, सेन्सर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात, अधूनमधून कॅलिब्रेशन करून आणावं लागतं. एका विहिरीसाठी शेतकऱ्याने किंवा दिवसाला एक टाकी करणाऱ्या लहान ठेकेदाराने तो घ्यावा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण लग्नाची भांडी तरी घरोघरी कुठे असतात? गावकीची असतात, नाव लिहून नेतात आणि मोजून परत देतात. दोन-तीन गावांत मिळून एक मीटर, एक ब्लोअर, माणूस वर ओढायची एक तिपाई आणि दोर, आणि ते वापरायला शिकवलेले दोन जण ग्रामपंचायतीकडे का असू नयेत? आपल्या साखर कारखान्यांकडे ही साधनंही आहेत आणि शिकवणारी माणसंही. ज्या सभासदाच्या उसावर कारखाना चालतो, त्याच्या विहिरीची हवा मोजून द्यायला कारखान्याला काय जड आहे? शहरात अग्निशमन दलाकडे हे काम देता येईल. आज त्यांना बोलावतात ते मृतदेह काढायला. तासभर आधी हवा मोजायला बोलावण्याची सोय हवी.

आमच्या ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये तीनच ओळी होत्या: टँकरच्या खेपा, मजुरी, गाळाची विल्हेवाट. मी तो कागद परत पाठवला आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, दाबाच्या पाण्याच्या गाडीचा दर. दुसरी, एक नवी ओळ: टाकीची हवा कोण मोजणार, कोणत्या यंत्राने, तीन खोलींवर आकडे किती, वेळ काय, सही कुणाची. झाकण उघडून नुसतं काठावर वाकायचं असलं तरी ही ओळ भरल्याशिवाय काम सुरू होणार नाही, असं लिहून त्याखाली मी माझी सही केली आहे. काल कोटेशन परत आलं. रक्कम जवळपास दीडपट झाली आहे आणि चौदा फ्लॅटमध्ये वाटली तरी ती काहींना खुपणार आहे. रविवारी सकाळी दहाला पुन्हा बैठक आहे. मामांनाही मी बोलावलंय, आणि वर्गमित्र मीटर घेऊन येणार आहे.